आपली माहिती, त्यांचा प्रबंध : सही करण्याआधी काय विचारायचं?

 

आज एका वेगळ्याच पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. हे पुस्तक दुकानात मिळत नाही. त्याच्या चार-पाच प्रती निघतात, जाड काळ्या नाहीतर निळ्या पुठ्ठ्यात बांधल्या जातात आणि कॉलेजच्या कपाटात जाऊन बसतात. तुम्ही ते पुस्तक कधी पाहिलं नसेल. पण त्या पुस्तकात तुम्ही असू शकता. तुमचं वजन, तुमचं हिमोग्लोबिन, तुमच्या बाळंतपणाची हकिगत, तुमच्या घरात किती माणसं जेवतात, तुम्हाला रात्री झोप लागते की नाही, हे सगळं त्यात आकड्यांच्या रूपानं असू शकतं.

या पुस्तकाला म्हणतात प्रबंध. कॉलेजची मुलं त्याला 'थिसिस' म्हणतात. कोणी 'डिझर्टेशन' म्हणतं. मोठी पदवी मिळवायची तर नुसती परीक्षा देऊन भागत नाही. एक प्रश्न घ्यायचा, स्वतः शोध करायचा आणि काय सापडलं ते पुराव्यासकट लिहून द्यायचं. तेच लिखाण म्हणजे प्रबंध.

आता तुम्ही म्हणाल, त्याचं आम्हाला काय बापा? आमचा कुठं संबंध आला? तर संबंध येतो. अमरावतीला इर्विनमध्ये किंवा डफरीनमध्ये गेलं, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलं, की एखादी शिकाऊ डॉक्टरीण फाइल घेऊन जवळ येते. "काकू, पाच मिनिटं द्या, काही प्रश्न विचारायचे आहेत," म्हणते. कधी समाजकार्याच्या कॉलेजची पोरं गावात येतात आणि घरोघर फॉर्म भरतात. कधी गृहविज्ञानाची मुलगी अंगणवाडीत बसून लेकरांची उंची मोजते. आपण सही करतो, अंगठा देतो, उत्तरं देतो आणि विसरून जातो. त्या कागदाचं पुढं काय होतं, आपले त्यात काय हक्क आहेत आणि त्यातून आपल्या गावाला काय मिळू शकतं, हे आज समजून घेऊ.

एका मराठी मुलीचा प्रबंध, १८८६

प्रबंध हे काही परक्या लोकांचं काम नाही. आपल्या मराठी बायांनी ते फार आधीपासून केलं आहे.

आनंदीबाई जोशी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १८६५ चा जन्म. नऊ वर्षांच्या असताना लग्न झालं. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत याचं दुःख त्यांच्या मनात राहिलं. त्या काळी बाईला पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज आणि बाई डॉक्टर तर जवळपास नव्हतीच. १८८३ साली आनंदीबाई बोटीनं अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फिया शहरात बायांसाठी असलेल्या मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. तेव्हा त्यांना एकविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

त्या पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला होता. विषय होता हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे गरोदरपण आणि बाळंतपण. आपल्याकडच्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत याबद्दल काय सांगितलं आहे आणि अमेरिकेतली वैद्यकाची पुस्तकं काय सांगतात, या दोन्हींचा आधार त्यांनी घेतला. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयानं त्या गेल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती, पण काम सुरू करायला आयुष्यच उरलं नाही.

यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की ज्या दुःखातून ही मुलगी गेली, तोच प्रश्न तिनं अभ्यासाला घेतला. चांगला प्रबंध असाच जन्माला येतो. त्याच्या मुळाशी कोणाची तरी खरी अडचण असते.

दुसरं नाव इरावती कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सून. १९२८ साली त्या जर्मनीला गेल्या. त्यांच्या मार्गदर्शकाचं मत होतं, की गोऱ्या युरोपियन लोकांचा मेंदू वेगळा वाढलेला असतो आणि ते त्यांच्या कवटीच्या आकारावरून दिसतं. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या वंशांच्या माणसांच्या कवट्या मोजल्या. आकडे काही तसं सांगत नव्हते. मग त्यांनी मार्गदर्शकाला आवडेल ते न लिहिता, आकड्यांत जे दिसलं तेच लिहिलं. वंशाचा आणि कवटीच्या त्या फरकाचा संबंध दिसत नाही, असं. मार्गदर्शक खूश झाले नाहीत, पण १९३० साली त्यांना बर्लिनची डॉक्टरेट मिळाली.

पुढं याच इरावतीबाईंनी भारतभर फिरून कुटुंबाचा आणि नात्यागोत्याचा अभ्यास केला. १९५३ साली त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं काही जातींत चालतं, उत्तरेकडं अजिबात चालत नाही, असं का? सासरच्या कोणत्या माणसाला बाई कोणत्या शब्दानं हाक मारते, त्यावरून त्या घरातली तिची जागा कशी कळते? असे प्रश्न त्यांनी विचारले. आपण ज्याला रोजचं घर म्हणतो, तोही अभ्यासाचा विषय असतो, हे त्यांनी दाखवलं.

आज प्रबंध कसा तयार होतो?

एम.बी.बी.एस. झाल्यावर पुढं एम.डी. किंवा एम.एस. करायचं तर तीन वर्षांचा अभ्यास असतो. त्यात प्रबंध लिहावाच लागतो. महाराष्ट्रातली मेडिकल कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. मानसशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान यांचे बरेच प्रबंध आपल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात होतात. ते १९८३ चं.

काम साधारण असं चालतं. आधी विषय ठरतो. समजा विषय आहे, 'गरोदर बायांमधला रक्तक्षय आणि बाळाचं वजन'. मग विद्यार्थिनी आराखडा लिहिते. किती बायांना विचारणार, कोणत्या तपासण्या करणार, कोणते प्रश्न विचारणार, सगळं त्यात येतं. हा आराखडा कॉलेजच्या नैतिकता समितीपुढं जातो. या समितीत डॉक्टर असतात, कायदा जाणणारी व्यक्ती असते, समाजशास्त्राची माणसं असतात आणि एक साधा नागरिकही असतो, जो डॉक्टर नाही. समितीचा अध्यक्ष त्या कॉलेजबाहेरचा असावा लागतो. लोकांना त्रास होणार नाही ना, त्यांना नीट सांगितलं जाणार आहे ना, हे बघणं समितीचं काम. तिची मंजुरी मिळाल्यावरच विद्यार्थिनी तुमच्यापर्यंत येऊ शकते. मग माहिती गोळा होते, आकडेमोड होते, प्रबंध लिहिला जातो आणि परीक्षक तो तपासतात.

म्हणून, ती मुलगी तुमच्याकडं येते तेव्हा ती दोन कामं करत असते. एक तर ती तुमच्यावर उपचार करणारी डॉक्टर असते आणि दुसरं म्हणजे ती अभ्यास करणारी विद्यार्थिनी असते. ही दोन कामं वेगळी आहेत. उपचार तुमच्यासाठी असतो. अभ्यास पुढच्या बायांसाठी आणि तिच्या पदवीसाठी असतो. यात वाईट काही नाही. फक्त कोणतं काम चाललं आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं.

एका अभ्यासानं काय बदलतं?

सगळेच प्रबंध कपाटात पडून राहतात असं नाही. बायांना विचारल्यानं केवढा फरक पडू शकतो, याची दोन उदाहरणं सांगते. हे दोन्ही पदवीचे प्रबंध नव्हते, अनुभवी संशोधकांचे अभ्यास होते. पण पद्धत तीच.

पहिलं आपल्या विदर्भातलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. त्यात दिसलं, की १०० पैकी ९२ बायांना अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, आतला जंतुसंसर्ग असा काही ना काही स्त्रीरोग होता. एकेका बाईला सरासरी साडेतीनहून जास्त तक्रारी होत्या. आणि त्याआधी कधी आतून तपासणी झाली होती अशा बाया १०० पैकी जेमतेम ८ होत्या.

तोपर्यंत सरकारी आरोग्यसेवेत बाई म्हटलं की दोनच गोष्टी दिसायच्या, बाळंतपण आणि कुटुंब नियोजन. पाळी येणारी, दुखणं अंगावर काढणारी, वावरात निंदायला जाणारी बाई कोणाला दिसत नव्हती. या अभ्यासानं ती दिसली. आणि ती दिसली, कारण संशोधक गावात गेले. दवाखान्यात बसून मोजलं असतं तर ज्या दवाखान्यात येतच नाहीत त्या बाया मोजल्याच गेल्या नसत्या.

दुसरं उदाहरण गोव्यातलं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका सरकारी दवाखान्यात २७० गरोदर बायांना अभ्यासात घेतलं आणि बाळंतपणानंतर पुन्हा भेटले. २००२ साली तो अभ्यास छापला गेला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी १०० पैकी सुमारे २३ बायांना नैराश्याचा आजार दिसला. आणि हा धोका कोणाला जास्त होता? ज्यांच्या घरी गरिबी होती, ज्यांना नवऱ्याची मारहाण होती आणि ज्यांच्याकडून मुलाची अपेक्षा असताना मुलगी झाली, त्यांना.

आपल्याकडं बाळंतीण रडली की म्हणतात, "नखरे करते", नाहीतर "बाहेरचं लागलं." या अभ्यासानं दाखवलं, की तो आजार आहे आणि त्याची मुळं घरात आहेत. वैद्यक, मानसशास्त्र आणि कुटुंब हे तीन विषय इथं एकाच बाजेवर बसलेले दिसतात. औषध एकट्या बाळंतिणीला देऊन भागत नाही. सासूनं, नवऱ्यानं वागणं बदललं तर तोही उपचाराचाच भाग असतो.

नियम का करावे लागले?

पण अभ्यासाच्या नावाखाली लोकांवर अन्यायही झाला आहे. अमेरिकेत टस्कीगी नावाच्या गावी १९३२ साली गरमी रोगाचा एक सरकारी अभ्यास सुरू झाला. त्यात सुमारे ६०० गरीब, काळे शेतमजूर होते. त्यांतल्या ३९९ जणांना हा रोग होता. त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. पुढं पेनिसिलिनचं औषध आलं, ते या रोगावर चालतं हे कळलं, तरी त्यांना ते दिलं नाही. रोग पुढं कसा वाढतो ते फक्त बघत राहिले. हे ४० वर्षं चाललं. १९७२ साली वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा ते थांबलं. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या लोकांची जाहीर माफी मागितली.

अशा गोष्टींमुळं जगभर नियम कडक झाले. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद ही सरकारी संस्था हे नियम करते. सध्याचे नियम २०१७ चे आहेत. त्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : माणसाला नीट समजावून सांगा, त्याची राजीखुशी घ्या आणि त्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे.

तुमचे हक्क

आता एकेक हक्क बघू. हा भाग गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा.

पहिला हक्क, समजून घेण्याचा. तुम्हाला माहितीपत्रक मिळालं पाहिजे आणि ते मराठीत, तुम्हाला कळेल अशा भाषेत असलं पाहिजे. आपल्या मेळघाटातल्या कोरकू बाईला मराठी नीट कळत नसेल तर तिला तिच्या बोलीत सांगितलं पाहिजे. वाचता येत नसेल तर कोणीतरी वाचून दाखवायचं. अंगठा द्यायचा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर पाहिजे आणि त्यानंही सही करायची. कागदाची एक प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे.

दुसरा हक्क, नाही म्हणण्याचा. आणि हो म्हटल्यावर मध्येच बाहेर पडण्याचाही. तुम्ही नाही म्हटलं म्हणून तुमचा उपचार थांबवता येत नाही, औषध अडवता येत नाही, रांगेत मागं ढकलता येत नाही. बऱ्याच बायांना वाटतं, डॉक्टरीणबाईला नाही म्हटलं तर पुढच्या वेळी ती नीट बघणार नाही. ही भीती खोटी ठरली पाहिजे, म्हणूनच तो नियम आहे.

तिसरा हक्क, स्वतःची सही स्वतः करण्याचा. तुम्ही अठरा वर्षांच्या वर आहात आणि शुद्धीवर आहात, तर संमती तुमची. नवऱ्यानं, सासऱ्यानं किंवा सरपंचानं हो म्हटलं म्हणजे तुमचं हो झालं असं नाही. घरी विचारायचं असेल तर जरूर विचारा, त्यासाठी वेळ मागा. पण शेवटचा शब्द तुमचा. अठराच्या आतल्या लेकराची संमती आईबाप देतात. तरी सात वर्षांच्या पुढच्या लेकराला त्याच्या समजुतीप्रमाणं सांगून त्याचंही मन विचारावं लागतं. शाळेतल्या मुलींना पाळीबद्दल प्रश्न विचारायचे असतील तर त्या मुलीनंही हो म्हटलं पाहिजे.

चौथा हक्क, गुपिताचा. प्रबंधात तुमचं नाव छापता येत नाही. तुमचा फोटो तुमच्या वेगळ्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. समजा एखाद्या मुलीची सिकलसेलची तपासणी झाली आणि तिच्या रक्तात तो गुण निघाला. ही बातमी गावात फुटली तर तिचं लग्न अडतं. खरं तर त्यात तिचा काही दोष नाही आणि नुसता गुण वाहणारी मुलगी बहुतेक वेळा ठणठणीत असते. पण लोकांची तोंडं कोण धरणार? म्हणून रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात आणि तोही बाजूला बोलावून मिळाला पाहिजे. चावडीवर यादी वाचून नाही.

पाचवा हक्क, पैशाचा. अभ्यासासाठी म्हणून जी जादा तपासणी होते, तिचा खर्च तुमच्याकडून घ्यायचा नसतो. तुमची मजुरी बुडाली, ऑटोचं भाडं लागलं, तर ते देण्याची सोय अभ्यासात ठेवता येते. ते विचारायला लाजू नका. कापूस वेचणीच्या दिवसात अर्धा दिवस मोडणं म्हणजे काय, हे कॉलेजात बसून कळत नाही. आणि अभ्यासामुळं तुम्हाला काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळण्याचाही नियम आहे.

विचारायचे सात प्रश्न

हे सात प्रश्न वहीत लिहून ठेवा.

१. बाई, तुझं नाव काय, कॉलेज कोणतं आणि तुझे मार्गदर्शक कोण?
२. हा उपचार आहे की अभ्यास?
३. नैतिकता समितीची मंजुरी मिळाली आहे का?
४. मला काय करावं लागेल? किती वेळ? किती वेळा रक्त काढणार?
५. यात मला काही त्रास होऊ शकतो का? फायदा काय?
६. माझी माहिती कोण कोण बघणार?
७. अभ्यास झाल्यावर काय सापडलं ते आम्हाला कोण सांगणार?

हे विचारलं म्हणून कोणी रागावण्याचं कारण नाही. चांगली विद्यार्थिनी उलट खूश होईल. तिला शिकवलेलंच असतं, की हे सगळं सांगायचं.

मनाचे प्रश्न विचारले तर

मानसशास्त्राच्या अभ्यासात प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, झोप लागली का, भूक लागली का, जगणं नकोसं वाटलं का, असे ते प्रश्न. आपल्या भागातल्या ज्या घरांत कास्तकारानं जीव दिला, त्या घरातल्या बाईला असे प्रश्न विचारले जातात तेव्हा जखमेवरची खपली निघते.

इथं दोन गोष्टींचा आग्रह धरा. एक, असे प्रश्न एकांतात विचारले पाहिजेत. सासू बाजूला बसली असताना, दारात चार पोरं उभी असताना "घरी मारहाण होते का?" याचं खरं उत्तर कोणती बाई देईल? ती "नाही जी" म्हणेल आणि प्रबंधात लिहिलं जाईल की या गावात मारहाण नाही. अशानं तुमचं दुःखही लपतं आणि अभ्यासही खोटा ठरतो. दुसरं, प्रश्न विचारणाऱ्यानं पुढची वाटही सांगितली पाहिजे. कोणाला जीव नकोसा वाटत असेल तर नुसती खूण करून निघून जाता येत नाही. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी नंबर आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. घरच्या छळासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. हे दोन्ही नंबर आपल्या गटाच्या फळ्यावर आजच लिहा.

एखादा प्रश्न नको वाटला तर "याचं उत्तर देत नाही" म्हणता येतं. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. समोरच्या मुलीला बरं वाटावं म्हणून काहीतरी ठोकून देऊ नका. तिच्या आकड्यांवर उद्या कोणी डॉक्टर भरवसा ठेवणार आहे.

शितावरून भाताची परीक्षा, पण भात ढवळलेला हवा

आता उलट बाजू. कधीतरी कोणी येऊन सांगतं, "संशोधनात सिद्ध झालंय." मोबाइलवर तर रोज असं काही येतं. ते कसं पारखायचं?

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. सगळा भात चाखत नाही, एक शीत दाबून बघतो. अभ्यासही तसाच असतो. सगळ्या जिल्ह्याला विचारता येत नाही, काही बायांना विचारतात. पण भात वरून कच्चा आणि खालून करपलेला असेल तर वरचं शीत काय सांगणार? तसंच, फक्त दवाखान्यात आलेल्या बायांना विचारलं तर घरी बसलेल्या बायांचं कळत नाही. फक्त गावठाणात फिरलं तर पारधी बेड्यावरच्या, वीटभट्टीवरच्या बायांचं कळत नाही. म्हणून पहिला प्रश्न : कोणाला विचारलं? किती जणींना?

दुसरा प्रश्न : कशाशी तुलना केली? समजा कोणी म्हणालं, "आमची पावडर घेतलेल्या ४० बायांचं हिमोग्लोबिन वाढलं." ठीक. पण ज्यांनी पावडर घेतली नाही त्यांचं काय झालं? कदाचित त्याच महिन्यात आशाताईंनी सगळ्यांनाच लोहाच्या गोळ्या दिल्या असतील. मग गुण कोणाचा?

तिसरा प्रश्न : दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण झाली का? ज्या घरात टीव्ही आहे त्या घरची लेकरं वजनानं बरी, असं एखाद्या अभ्यासात दिसू शकतं. म्हणून कोणी लेकरासाठी टीव्ही आणणार नाही. ज्या घरात टीव्ही आहे त्या घरात चार पैसेही असतात, दूध-अंडंही असतं. खरं कारण ते असतं.

एकट्या प्रबंधावर कोणताही शहाणा डॉक्टर उपचार बदलत नाही. अनेक ठिकाणच्या अभ्यासांत तेच दिसलं की मग विश्वास बसतो. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि त्यावर लोहाच्या गोळ्या, हे असं अनेक वर्षांच्या अभ्यासातून पक्कं झालेलं ज्ञान आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय निघाला आहे. तेव्हा गोळ्या मात्र चुकवू नका.

निकाल गावात परत आला पाहिजे

शेवटचा मुद्दा. पेरणीला घरचं बियाणं द्यायचं आणि पीक कोणाच्या कोठारात गेलं ते विचारायचं नाही, असं कोणती कास्तकारीण करील? माहितीचंही तसंच आहे.

पीएच.डी.चे प्रबंध आता 'शोधगंगा' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर ठेवले जातात. गुजरातेत गांधीनगरला त्याचं केंद्र आहे. ते कोणालाही फुकट वाचता येतात आणि त्यात मराठीत लिहिलेले प्रबंधही आहेत. तुमच्या घरातली कॉलेजात जाणारी पोरगी मोबाइलवर विषय टाकून शोधू शकते. एम.डी.चे प्रबंध बहुतेक कॉलेजच्या वाचनालयात असतात. पण पुस्तक मिळणं आणि ते समजणं यात अंतर आहे. म्हणून गटानं तीन कामं करावीत असं सुचवते.

एक, अभ्यासाची वही ठेवा. गावात कोण आलं, कोणत्या कॉलेजचं, कोणत्या विषयाला, कोणत्या तारखेला, हे लिहा. माहितीपत्रकाची प्रत त्या वहीत चिकटवा. सचिवताईंनी दहा मिनिटांत होणारं काम आहे.

दोन, सुरुवातीलाच शब्द घ्या. "अभ्यास झाला की एक दिवस ये आणि आमच्या बैठकीत अर्धा तास सांग," असं त्या मुलीला सांगा. तिचा फोन नंबर आणि कॉलेजचा पत्ता घ्या. परीक्षा झाली की ती दुसरीकडं जाईल, पण तिचं कॉलेज आणि तिचे मार्गदर्शक तिथंच असतील.

तीन, आपले विषय आपणच सुचवा. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात १९६९ पासून विद्यार्थ्यांना गावात नेऊन शिकवतात, एकेका तुकडीला एकेक गाव जोडून देतात. अशी पोरं गावात आली की त्यांच्यापुढं आपले प्रश्न ठेवता येतात. फवारणीच्या दिवसांत बायांना होणारी डोकेदुखी, नांदगाव पेठच्या एमआयडीसीत उभ्यानं पाळी करणाऱ्या पोरींचे पाय आणि कंबर, एकटीनं घर चालवणाऱ्या विधवा बाईची झोप. यावर शोध व्हावा असं आपल्याला वाटत असेल तर ते बोललं पाहिजे. आपला प्रश्न कोणता, हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी एखादी पोरगी फाइल घेऊन आली तर तिला हाकलूही नका आणि न विचारता अंगठाही देऊ नका. तिला बसायला पाट द्या, चहा द्या, सातही प्रश्न विचारा. पटलं तर मोकळेपणानं, खरं खरं सांगा. तुमच्या खऱ्या उत्तरातून उद्या दुसऱ्या कोणा बाईचं बाळंतपण सुखरूप होऊ शकतं. आणि नाही पटलं, तर "नाही गं बाई" म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

या आठवड्याच्या बैठकीत सात प्रश्न वाचून घ्या आणि वहीचं पहिलं पान उघडा. नमस्कार.